तीन कचेऱ्यांपुरते नवरा-बायको

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाची अक्कलदाढ दुखली, त्या दिवशी शहरात कोणी जन्मलं नाही, कोणी मेलं नाही आणि कोणाचं लग्नही झालं नाही. जन्मलेल्यांना उद्या या, असं सांगण्यात आलं. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी थोडी कुरकुर केली. पण कपाटाची किल्ली कारकुनाच्या खिशात होती आणि खिसा दंतवैद्याच्या खुर्चीत होता.

नगरपालिकेने या घटनेची गंभीर दखल घेतली. दखल घ्यायला एक समिती नेमली. समितीचं म्हणणं असं पडलं, की दोष दाढेचा नाही, रचनेचा आहे. साऱ्या शहराचं जगणं-मरणं एका माणसाच्या जबड्यावर अवलंबून असणं प्रगत समाजाला शोभत नाही. सबब, यापुढे कोणत्याही एका माणसावाचून, एका टेबलावाचून किंवा एका कपाटावाचून काहीही अडता कामा नये.

हे काम एका प्रणाली-शिल्पकाराकडे सोपवण्यात आलं. शिल्पकार तरुण होते, मृदू बोलत आणि अवघड बोलत. त्यांनी सभागृहाच्या भिंतीवर सात चौकोन काढले, ते रेघांनी एकमेकांना जोडले आणि सांगितलं, की आजवर तुमचं सत्य एका कपाटात कोंडलेलं होतं, आता ते सात ठिकाणी मोकळं राहील. पाणीपुरवठा, अग्निशमन, वाचनालय, रुग्णालय, बस आगार, बाजार आणि उद्यान या सात खात्यांच्या भिंतींवर एकेक पेटी बसेल. प्रत्येक पेटीला प्रत्येक नागरिकाबद्दल सगळं ठाऊक असेल. एखादी पेटी बंद पडली, तरी बाकीच्या काम चालू ठेवतील.

सात पेट्यांनी सात गोष्टी सांगितल्या तर काय, असं मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

"चार पेट्या जे म्हणतील ते खरं," शिल्पकार म्हणाले.

मुख्याधिकाऱ्यांना ही कल्पना एकदम पसंत पडली. म्हणजे आपल्या सभेसारखंच, असं ते म्हणाले. तसंच, शिल्पकारांनी मान्य केलं. फरक इतकाच, की पेट्या एकमेकींचं ऐकून घेतात.

उद्घाटनाच्या दिवशी प्रात्यक्षिक झालं. मुख्याधिकाऱ्यांनी अग्निशमन खात्याच्या पेटीची वायर स्वतःच्या हाताने भिंतीतून उपटली. मग एका नवजात बालकाचं नाव नोंदवण्यात आलं. नोंद झाली. एक पेटी मेलेली असूनही बालक कायदेशीररीत्या जन्मलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, बालक दचकून रडलं, फोटो निघाले. सातही खातेप्रमुख पुढच्या रांगेत बसले होते. आपली पेटी बंद पडली तरी काही बिघडत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. असं ज्ञान माणूस विसरत नाही.

आता चष्मेवाल्या बाई आणि लिफ्टवाले यांच्याबद्दल सांगायला हवं.

चष्मेवाल्या बाईंचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी मार्गी लागली होती. लिफ्टवाले शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. एकटे होते, ना मागे कोणी, ना पुढे. एकदा ते चष्मा करायला आले, आणि मग नंबर बरोबर वाटत नाही म्हणून येतच राहिले. बाई प्रत्येक वेळी नव्याने डोळे तपासायच्या. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, त्यांचा नंबर ठीक आहे गं. तूच जरा नीट बघ."

तरीही ते लग्नापर्यंत गेलं नसतं. रोज संध्याकाळी दुकानात चहा, तेवढं दोघांनाही पुरत होतं. पण लिफ्टवाल्यांना धाप लागू लागली. जन्मभर लोकांचे जिने वाचवलेला माणूस दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा राहू लागला. डॉक्टरांनी तपासलं आणि हृदयाची एक झडप अरुंद झाल्याचं निदान केलं. शस्त्रक्रिया करावी लागेल, लवकर करावी लागेल, आणि संमतिपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही लागेल. मीच करतो की सही, लिफ्टवाले म्हणाले. डॉक्टरांनी समजावलं, की टेबलावर तुम्ही बेशुद्ध असणार. मध्येच काही ठरवायची वेळ आली तर विचारायचं कोणाला? शुद्धीवर असलेलं एक तरी माणूस हवं, आणि ते कायद्याने तुमचं हवं.

त्या संध्याकाळी चहा पिताना बाईंनी कपाकडे बघत विचारलं, सही मी केली तर चालेल का. लिफ्टवाले म्हणाले, चालेल, पण त्याआधी आणखी एक सही करावी लागेल. मागणी घालण्याच्या आजवरच्या तऱ्हांमध्ये ही बरीच सरळ म्हणायला हवी.

लग्न नोंदवायला दोघे आले, मुलगी साक्षीला आली. नोंदणी अधिकारी बाईंनी कळ दाबली आणि पेट्यांकडे विचारणा गेली. पाणीपुरवठा, अग्निशमन आणि वाचनालय यांनी ताबडतोब होकार दिला. रुग्णालयाची पेटी मात्र त्या वेळी बंद होती, कारण तिच्या आवाजाने अधीक्षकांना दुपारी डोकं टेकवता येत नसे. बस आगारात पेटी उघडून तिचा पंखा तिकीट खिडकीतल्या माणसासाठी काढून घेतला होता. बाजार खात्याने वीजबचत सप्ताह पाळला होता. उद्यान खात्याचं कोणालाच माहीत नव्हतं. आपलं एकट्याचं बंद असलं तर काय होतंय, असा विचार प्रत्येकाने एकट्यानेच केला होता.

पडद्यावर अक्षरं उमटली: आपला विवाह प्रगतिपथावर आहे.

"म्हणजे झालं की नाही?" बाईंनी विचारलं.

नोंदणी अधिकारी बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "झालं म्हणायला हरकत नाही. फक्त मी म्हटलं असं कुठे सांगू नका."

तिघांनी झालं असं धरलं. घरी जाताना बाईंनी पहिल्यांदा 'अहो' म्हटलं, आणि लिफ्टवाले मागे वळून पाहू लागले, की कोणाला हाक मारली.

लग्नाची पहिली दखल पाणीपुरवठा खात्याने घेतली. एका कुटुंबाला एकच नळजोडणी, असा नियम होता. म्हणून त्यांनी लिफ्टवाल्यांच्या घरचं पाणी तोडलं. वाचनालयाने दोघांची वेगवेगळी पुस्तकं परत मागवून एक कौटुंबिक पत्रक दिलं. अग्निशमन खात्याने अभिनंदन कळवलं आणि सोबत नवविवाहितांनी स्वयंपाकघरात घ्यायच्या काळजीची पुस्तिका पाठवली. संसार सगळ्या बाजूंनी सुरू झाला. मग बाई संमतिपत्रावर सही करायला रुग्णालयात गेल्या.

रुग्णालयाची पेटी आता चालू होती. तिने सांगितलं, हे गृहस्थ अविवाहित आहेत.

बाईंनी कौटुंबिक पत्रक दाखवलं. काउंटरवरच्या माणसाने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, की याच्यावर तुम्हाला दोन कादंबऱ्या मिळतील, शस्त्रक्रिया मिळणार नाही. मग घरचं पाणी तोडलंय हे बाईंनी सांगितलं. तो म्हणाला, पाणी तुटणं हा लग्नाचा सबळ पुरावा धरता येत नाही. आमच्याकडे बिनलग्नाच्यांचंही तुटतं.

बाई पुन्हा नोंदणी कार्यालयात. अर्धवट राहिलं असेल तर पुन्हा पहिल्यापासून करून टाका, असं त्यांचं म्हणणं. नोंदणी अधिकारी बाईंनी कळ दाबली. या खेपेला बस आगार आणि बाजार यांच्या पेट्याही चालू होत्या आणि रुग्णालयासारखंच, लग्न झालेलं नाही, असं म्हणत होत्या; पण आधी होकार दिलेल्या तीन पेट्यांनी जोरदार हरकत घेतली: सदर पुरुष विवाहित आहे, पहिली पत्नी हयात आहे, सबब दुसरा विवाह करता येणार नाही.

"पहिली पत्नी कोण?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच."

"मग माझी हरकत नाही."

नोंदणी अधिकारी बाईंनी ते पेट्यांना कळवून पाहिलं. पहिल्या पत्नीची ना-हरकत ग्राह्य धरण्यासाठी ती पत्नी असल्याचं बहुमताने सिद्ध व्हावं लागतं, असं उत्तर आलं. मुलगी वैतागून म्हणाली, की मग घटस्फोट द्या आणि नव्याने लावा. त्यालाही अडचण निघाली. घटस्फोट घ्यायला आधी बहुमताने लग्न झालेलं असावं लागतं. बाई तीन कचेऱ्यांत सवाष्ण होत्या आणि तीन कचेऱ्यांत विधवा, आणि दोन्हीकडून त्यांना कुठेही हलता येत नव्हतं.

एव्हाना लिफ्टवाल्यांना रुग्णालयात दाखल करून घेतलं होतं. भेटीच्या वेळी बाई खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि काय हाक मारावी हेच त्यांना सुचेना.

"पाणी खात्यात गेलीस की अहो म्हण," लिफ्टवाले म्हणाले. "इथे लिफ्टवालेच बरं. उगाच कोणी ऐकलं तर चौकशी लागेल."

ते हसले, पण हसणं मध्येच थांबवून त्यांना श्वास घ्यावा लागला. बाईंनी ते पाहिलं. त्या चष्म्याच्या धंद्यातल्या. बघूनही न बघितल्यासारखं करणं त्यांना जमत नसे.

बाहेर येऊन त्यांनी डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, की समजा सही मिळालीच नाही तर. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी नियम उलगडून सांगितला. प्रकृती एकदम बिघडली आणि प्रकरण तातडीचं झालं, की मग सही लागत नाही.

"मग आताच तातडीचं धरा ना."

"धरता येत नाही. आणि एकदा तातडीचं झालं, की शस्त्रक्रियेचा उपयोगही फारसा राहत नाही."

नियमात तशी काही चूक नव्हती. तो फक्त दोन्ही दारं उघडी ठेवून मध्ये भिंत बांधणाऱ्याने लिहिला होता.

बाईंनी शिल्पकारांना गाठलं. शिल्पकारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला. प्रणाली अगदी ठरवल्याप्रमाणे वागते आहे, ते म्हणाले. तीन पेट्या हो म्हणतात, तीन नाही म्हणतात, आणि बहुमत नसताना कोणतीही पेटी दुसरीची स्मृती पुसत नाही. जुन्या व्यवस्थेत काय झालं असतं? कोणीतरी एका कारकुनाने मनानेच ठरवून टाकलं असतं, की तुमचं लग्न झालं. बाई म्हणाल्या, मला तेच हवं होतं. शिल्पकारांना या उत्तराचं वाईट वाटलं. नागरिकांचं प्रशिक्षण कमी पडलं, अशी त्यांनी मनाशी नोंद केली. मग जाता जाता त्यांनी उपाय सांगितला: सातवी पेटी शोधा. तिने हो म्हटलं की चार होतील.

सातवी पेटी उद्यान खात्यात होती. बाई आणि मुलगी तिथे गेल्या तेव्हा पेटीवर रोपांच्या कुंड्या ठेवलेल्या होत्या आणि तिच्या जागी भिंतीत गवत कापायच्या यंत्राची वायर खोचलेली होती. पेटी कधीपासून बंद आहे, असं मुलीने विचारलं. उद्यान अधीक्षक म्हणाले, उद्घाटनापासून.

"पण तुम्ही ती चालू ठेवायला नको का?"

"मुली, एक बंद असली तरी चालतं. साहेबांनी स्वतः दाखवलं सगळ्यांसमोर. मग ती एक कोणाची तरी असणारच ना." ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "आणि गवत वाढलं तर मात्र मलाच विचारतात. त्याला बहुमत लागत नाही."

माणूस मनाने वाईट नव्हता. त्याने कुंड्या उतरवल्या, गवताच्या यंत्राची वायर काढली आणि पेटी जोडली. पेटी गुरगुरली, तिच्यातून थोडी माती सांडली, दिवा लागला. जागी होताच तिने बाकीच्या सहा जणींना विचारलं, की मी नसताना काय काय झालं. तिघी म्हणाल्या, यांचं लग्न झालं. तिघी म्हणाल्या, मुळीच नाही. सातवी पेटी प्रामाणिक होती. जे आपण पाहिलं नाही त्याबद्दल मत द्यायचं नाही, असं तिला शिकवलेलं होतं. तिने मत दिलं: माहीत नाही.

प्रकरण मुख्याधिकाऱ्यांपुढे गेलं. बाईंना सभागृहात बोलावून खुर्ची देण्यात आली, पाणी देण्यात आलं. मुख्याधिकारी कळवळ्याने बोलले. तुमची अडचण मी समजू शकतो, ते म्हणाले. माझ्या हातात असतं तर मी आत्ता सही केली असती. पण ते हातात राहू नये म्हणूनच ही सगळी व्यवस्था उभी केली आहे. शहरात आता कोणाच्याच हातात काही नाही. या वाक्याचा त्यांना मनापासून अभिमान होता.

"मग विचारायचं कोणाला?" बाईंनी विचारलं.

मुख्याधिकाऱ्यांनी शिल्पकारांकडे पाहिलं, शिल्पकारांनी भिंतीवरच्या चौकोनांकडे पाहिलं, आणि त्या बैठकीत शहराच्या इतिहासातला तो मोठा निर्णय झाला. दोष जबाबदारी वाटण्याचा नाही, ती पुरेशी वाटली गेली नाही हा आहे. सात पेट्या फार कमी. प्रत्येक नागरिकाच्या खिशात फोन असतोच. यापुढे प्रत्येक फोन ही एक पेटी, प्रत्येक खिसा ही एक कचेरी. जे प्रश्न सात पेट्यांना सुटणार नाहीत ते साऱ्या शहराला विचारले जातील, आणि निम्म्याहून अधिक शहर जे म्हणेल ते सत्य. इतक्या साऱ्या पेट्या एकाच वेळी कशा बंद पडतील?

फोनवर प्रश्न येऊ लागले. प्रश्नाखाली तीन बटणं असत: हो, नाही, नंतर विचारा.

पहिले दोन दिवस शहराला फार मजा वाटली. अमुक गल्लीतली भिंत कोणाची, तमुक आजोबांचं वय खरं किती, यावर लोकांनी हिरिरीने मतं दिली. बसथांब्यावर माणसं एकमेकांना विचारत, तू त्या भिंतीचं काय केलंस. बाईंच्या लग्नाचा प्रश्नही आला. चौकातल्या ओळखीच्या सगळ्यांनी हो दाबलं. एका गिऱ्हाइकाने नाही दाबलं, कारण बाईंनी केलेला चष्मा त्याच्या नाकावरून घसरत असे. काहींना वाटलं, की या वयात लग्न करणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनीही नाही दाबलं. हे मत खरं-खोटं ठरवण्यासाठी मागितलं होतं, चांगलं-वाईट ठरवण्यासाठी नव्हे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. तरी होकार पुढे होते.

मग प्रश्न वाढले. सात खात्यांना कळलं, की एखादी गोष्ट ठरवायची नसेल तर ती शहराला विचारता येते. जेवताना प्रश्न, आंघोळीला जाताना प्रश्न, बॉस बोलत असताना प्रश्न. रस्त्यावरचा हा खड्डा खड्डा आहे का? हा दाखला या मुलाचाच का? ही बाई या घरात राहते का? लोकांनी आधी प्रश्न वाचणं सोडलं, मग फोन खिशातून काढणं सोडलं. आवाज आला की अंगठा आपोआप तिसऱ्या बटणावर जाई. इतकं मोठं शहर आहे, इतकी माणसं आहेत, कोणीतरी उत्तर देईलच.

नोंदणी अधिकारी बाई चष्मेवाल्या बाईंना अधूनमधून आकडा सांगत. अजून थोडी मतं हवीत. अजून थोडीच. उरलेल्यांनी नाही म्हटलेलं नव्हतं; त्यांनी फक्त नंतर विचारायला सांगितलं होतं, आणि प्रणाली लोकांच्या इच्छेचा आदर करत होती. शस्त्रक्रियेची तारीख एकदा पुढे गेली, मग आणखी एकदा. लिफ्टवाले आता उशांना टेकून बसूनच झोपत. त्यांचा हात हातात घेतल्यावर बाईंना तो रोज थोडा जास्त थंड लागे.

त्या सकाळी बाई शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की टेबल तयार ठेवतो, मतं पुरी झाली की लगेच घेतो. आज मात्र व्हायला हवं. मुलगी चौकात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन काढायला लावत होती. बाईंची नजर दारावरच्या दिव्यावर होती. इतक्यात पर्समध्ये फोन वाजला. आकडा आला असेल म्हणून त्यांनी घाईने काढला. रुग्णालयाच्या शेजारच्याच इमारतीत कोणा एकीचं बाळ होतं. काचेच्या पेटीत ठेवलेलं ते बाळ तिचंच का, असा प्रश्न होता. बाईंनी तो अर्धाच वाचला. तेवढ्यात डॉक्टर बाहेर येताना दिसले. बाईंनी 'नंतर विचारा' दाबलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"अजून तेरा मतं कमी आहेत," डॉक्टर म्हणाले. "आम्ही टेबल आणखी तासभर धरून ठेवतो."

त्या तेरा मतांसाठी, नंतर विचारा म्हटलेल्या सगळ्यांना पुन्हा विचारलं गेलं आहे. मघाशी तुमचा फोन एकदा थरथरला, आणि तुम्ही न बघताच अंगठ्याने काहीतरी बाजूला सारून वाचत राहिलात. ते काय होतं, हे आता बघण्यात अर्थ नाही. आणि मनाला लावून तर मुळीच घेऊ नका. व्यवस्थाच अशी चोख आहे, की तुमच्या एकट्यामुळे काहीही अडत नाही.